वेणूची झोप

या, जवळ सरका. पाय पांघरुणात घ्या, म्हणजे मला मधे मधे थांबायला नको. गिरजा एकदा एक नवस बोलली होती, त्या नवसाची ही गोष्ट. बोलताना तिला तो सोपा वाटला होता. फिटला कसा, ते ऐका.

दुधाई नावाची एक नदी होती. डोंगरात निघायची आणि समुद्राला मिळायची. जिथं मिळायची तिथंच काठावर एक गाव होतं. त्या गावात गिरजा राहायची. घरात चार माणसं. गिरजा, तिचा नवरा, सासूबाई आणि पाच वर्षांची वेणू.

एकदा वेणूला ताप आला. सात दिवस राहिला, आठव्या दिवशी उतरला. सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. पण झालं काय, तापाबरोबर वेणूची झोपही निघून गेली. डोळा मिटायचा, पण लागायचा नाही. अंथरुणावर घातली की ती आढ्याचे वासे मोजायची. मोजून झाले की उलटे मोजायची. तुम्हाला वाटेल, काय मजा. मजा नाही बरं का. आधी ती हसायची विसरली, मग जेवायची विसरली. मग तिचे हातपाय शेवग्याच्या शेंगांसारखे झाले.

जायफळ उगाळून कपाळाला लावलं. खसखशीची खीर करून पाजली. मीठमोहरी उतरून चुलीत टाकली. कशाचाच गुण येईना. मग वैद्यांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, उठले, आणि अंगणात जाऊन गिरजेच्या नवऱ्याला हळू आवाजात म्हणाले की पोर शिमग्यापर्यंत तग धरेल, पुढचं सांगता येत नाही. हळूच म्हणाले, पण गिरजा दाराआडच उभी होती.

तेव्हा ती नवस बोलली. देवघरात नाही, तुळशीपुढेही नाही. सरळ नदीवर गेली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, दुधाई माय, माझ्या वेणूला झोप लागू दे. मी तुला पायी प्रदक्षिणा घालीन. आणि वाटेत कुणापाशी काही म्हणता काही मागणार नाही.

लोक काय करतात, आधी काम होऊ देतात आणि मग सावकाश नवस फेडतात. गिरजेला तेवढी सवड कुठली? ती आधीच निघाली.

सासूबाईंना नवस कळला तेव्हा दुःखातही त्यांना हसू आलं.

"मागणार नाहीस? तू? अगं, या घरात विरजण शेजारचं, मिरची शेजारची, परवा तर विस्तवही शेजारचाच होता."

खोटं नव्हतं ते. गिरजेचा दिवस मागितल्याशिवाय मावळत नसे. पण आता बोलली ते बोलली.

गावातल्या जाणत्या माणसांनी तिला वाटेचे नेम समजावून दिले. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. जिथं पाणी खारं होतं त्या मुखापाशी तेवढी होडीनं ओलांडायची, बाकी कुठंही नाही. आणि तुझा नवस न मागण्याचा, म्हणून न मागता जे मिळेल ते हात जोडून घ्यायचं. नाही मिळालं तर नाही. नवऱ्यानं एक काठी तासून हातात दिली. वेणू उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "आई, तू येईपर्यंत मी जागीच राहीन."

गिरजा म्हणाली, "नको गं राहूस, बाळा."

आणि कार्तिकातल्या एका सकाळी ती चालू लागली.

पहिल्याच दिवशी चुकली. दुपारी एका घरावरून जात होती. आत कुणीतरी गरम भातावर तूप घालत होतं, वास रस्त्यापर्यंत येत होता. गिरजा फाटकापाशी थांबली आणि थोडीशी खोकली. खोकला काही आला नव्हता बरं का. घरातली बाई लगेच बाहेर आली, पान घेऊन आली. गिरजेनं ते पान पाहिलं आणि तिला लाज वाटली. खोकलं म्हणजे मागितलंच की. तिनं पान गाईला घालायला सांगितलं, नदीपुढं कान धरले आणि तशीच पुढं गेली. तेव्हापासून खरा खोकला आला तरी ती लोकांच्या दारात तोंडाला पदर लावायची.

मग दिवस सुरू झाले चालण्याचे. वाटेत माणसं भेटायची. कुणी चार पावलं बरोबर यायचं, कुणी चार दिवस. एक गृहस्थ भेटले, ते आठ दिवस सुनेची तक्रार करत चालले आणि नवव्या दिवशी सुनेसाठी रडू लागले. कुणी शेंगा द्यायचं, कुणी ताक. कुणी नुसतंच विचारायचं, अजून किती? जणू तिलाच ठाऊक. गिरजा सगळ्यांना हात जोडायची आणि नदी उजव्या हाताला ठेवून पुढं जायची.

विसाव्या दिवशी धाकू नावाडी भेटला.

धाकूचा सगळा जन्म माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची यातच गेला होता. प्रदक्षिणावाल्यांवर त्याचा राग. हे लोक नदीशेजारून महिनोन् महिने चालतात आणि होडीत मात्र पाय ठेवत नाहीत, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. गिरजेलाही त्यानं ऐकवलं. मग घरी कोण आहे म्हणून विचारलं. तिनं वेणूचं सांगितलं, वैद्यांचं सांगितलं. हातातलं वल्हं धाकूनं आडवं ठेवलं.

मग म्हणाला, "ताई, उगम इथनं अजून पन्नास दिवस. आता ओलांडलीस तर वीस दिवसांत लेकीपाशी असशील. भाडं नको मला. आणि तू मागितलं नाहीस, मीच देतोय."

गिरजेच्या मनात आलं, खरंच की. न मागता मिळतंय. पलीकडच्या काठावरून एक पांढरी वाट सरळ घराकडे जात होती. तिनं एक पाय होडीत ठेवला. होडी हलली. पुष्कळ वेळ ती तशीच उभी राहिली, एक पाय चिखलात, एक पाय होडीत.

मग तिनं पाय काढून घेतला.

"लेकीपाशी जाऊन काय करू, दादा? तिच्या शेजारी बसून वासे मोजू?"

धाकूनं आपल्या दुपारसाठी आणलेलं नाचणीचं पीठ होतं, ते अख्खं गाठोडं तिच्या हातावर ठेवलं आणि होडी पाण्यात लोटली.

पुढं गावं संपली. रान लागलं. रानात एका आंब्याखाली एक म्हातारी बाई बसली होती. तिचं नाव मथू. सगळे तिला मथुआजी म्हणायचे. तिची ही तिसरी प्रदक्षिणा. तिच्यापुढं तीन दगडांची चूल होती, तवा होता, चकमक होती, सुकी काटकी होती. नव्हतं ते पीठ. आणि गिरजेपाशी पीठ होतं, बाकी काही नव्हतं. दोघी कालपासून उपाशी.

आता तुम्ही म्हणाल, यात काय अडचण? अडचण अशी, की दोघींनी एकमेकींना नेम विचारला. मथुआजीचाही नेम तोच. कुणापाशी काही मागायचं नाही.

झालं. दोघी समोरासमोर बसल्या. मथुआजी विस्तवाकडे बघे आणि गिरजेच्या गाठोड्याकडे बघायचं टाळे. गिरजा गाठोड्यावर हात ठेवून झाडाच्या शेंड्याकडे बघे. गिरजेला वाटे, मी पीठ पुढं केलं तर त्याचा अर्थ काय होईल? विस्तव दे, असाच होईल. म्हणजे ते मागणंच. खोकल्यासारखं. मथुआजीला वाटे, मी चुलीपाशी हिला बोलावलं तर पीठ मागितल्यासारखंच होईल. दुपार झाली, दोघी बसलेल्या. दुसरी दुपार झाली, तरी बसलेल्या. मथुआजीची मान डुगडुगायला लागली.

तिची ती मान पाहून गिरजेला एकदम आपला नवस शब्दन् शब्द आठवला. मागणार नाही, एवढंच ती बोलली होती. द्यायचं नाही असं कुठं बोलली होती? मग तिनं काय केलं, उठली, सगळं पीठ मथुआजीच्या तव्यात ओतलं, रिकामं फडकं खांद्यावर टाकलं आणि भराभरा चालायला लागली. म्हणजे हे देणं मागणं ठरायला नको.

वीसेक पावलं गेली असेल, मागून हाक आली.

"अगं ए, पीठ ओतून पळतेस कुठं? भाकऱ्या थापणार कोण, माझा बाप? हात कापतात माझे."

गिरजा परत फिरली. तिनं भाकऱ्या थापल्या, मथुआजीनं विस्तव सारला. दोघी जेवल्या. जेवता जेवता मथुआजीला हसू फुटलं, ते थांबेना. हसता हसताच तिनं डोळे पुसले. ही तिसरी प्रदक्षिणा, म्हणाली, या वाटेवर किती बायकांसमोर अशी उपाशी बसले असेन मी, आणि त्याला पुण्य म्हणत होते.

आता मथुआजीनं हाक मारली ते मागणं होतं की नव्हतं, ते दुधाईनं ठरवावं. आपण कशाला? गिरजेनं काही ते मनात धरलं नाही. मथुआजी हळू चालायची, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला नमस्कार करून गिरजा पुढं निघाली.

मग डोंगराची चढण लागली, आणि चढणीवर हरबा भेटला.

हरबा मोठा वेगळा माणूस. तो दुसऱ्यांचे नवस चालायचा. कुणा इनामदाराच्या आईचे गुडघे दुखत, कुणा सावकाराला दुकान सोडवत नसे. त्यांच्या वतीनं हरबा नदीला फेरी घालायचा आणि उगमावर जाऊन त्यांच्या वतीनंच मागायचा. सात फेऱ्या झाल्या होत्या. स्वतःचा नवस एकही नाही. विचारलं तर म्हणायचा, सुचलाच नाही कधी.

त्यानं गिरजेला उगमाचं सांगितलं. तिथं खडकाखाली झरा आहे. झऱ्यापाशी एक म्हातारी बसलेली असते. लोक म्हणतात, दुधाई तीच. पण तिच्यापुढं तोंड उघडून मागावं लागतं. मुकाट बसणाऱ्याला ती काही देत नाही.

गिरजा चालता चालता थांबली. मागावं तर नवस मोडतो. न मागावं तर झोप मिळत नाही. एवढं चालली आणि असं कसं बांधून घेतलं आपण स्वतःला?

हरबाला तिचा चेहरा कळला. तो म्हणाला, घाबरू नकोस, एवढ्यांसाठी मागतो, तुझ्यासाठीही मागेन. तू मला मागायला सांगितलं नाहीस, मी माझ्या मनानं मागतोय. गिरजेला हायसं वाटलं. नवसही राहिला आणि काम झालं, असं तिला वाटलं.

दोघं उगमावर पोचली तेव्हा सकाळ होती. झऱ्यापुढं माणसांची रांग. कुणी पोर मागत होतं, कुणी पाऊस मागत होतं, कुणी भावाचं वाईट मागत होतं. म्हातारी करवंटीनं ओंजळीत पाणी घालायची आणि पुढच्याकडे वळायची. हरबाचा नंबर आला. त्यानं ठरल्याप्रमाणे इनामदाराच्या आईचे गुडघे मागितले, सावकाराच्या दुकानाची भरभराट मागितली. मग मोठ्या, सवयीच्या आवाजात म्हणाला, आणि या बाईच्या लेकीला झोप दे.

म्हातारीची करवंटी थांबली.

"झोप? झोप माझ्यापाशी कुठली, बाबा? एक मागून जातो तर दुसरा उभा. कितीक वर्षं झाली, पापणीला पापणी लागली नाही माझी."

असं उत्तर हरबाला सात फेऱ्यांत मिळालं नव्हतं.

गिरजा मटकन खाली बसली. सत्तर दिवस चालली होती ती. तळव्यांना भेगा पडल्या होत्या. शिमगा जवळ येत होता. ती रडली नाही, रडायलाही अंगात काही असावं लागतं. नुसती म्हातारीकडे बघत राहिली. आणि बघता बघता तिला दिसलं, की म्हातारीचे डोळे अगदी वेणूसारखे आहेत. तशाच लाल कडा. तसंच बघणं, सगळीकडे आणि कुठंच नाही.

मग गिरजेनं विचार केला नाही. उठली, रांग सोडून पुढं गेली, म्हातारीशेजारी मांडी घालून बसली आणि तिचं डोकं धरून आपल्या मांडीवर घेतलं. रांगेतली माणसं कुरकुरली. बघा कशी पुढं घुसली, म्हणाली, गोड बोलून जास्त काढून घेईल. गिरजेच्याही मनात क्षणभर आलं, हे मागणं तर होत नाही ना? पण आंब्याखाली त्या प्रश्नापायी ती दोन दिवस उपाशी बसली होती. पुन्हा नाही बसणार.

तिनं म्हातारीच्या केसांतला गुंता सोडवला. केसांत शेवाळ होतं, काड्या होत्या, एक लहानसा खेकडाही होता. त्याला तिनं हळूच पाण्यात सोडलं. मग ती थोपटू लागली. रात्ररात्र त्या हातानं वेणूला थोपटलं होतं. तेव्हा उपयोग झाला नव्हता, पण हात काही थोपटायचं विसरला नव्हता.

म्हातारीच्या पापण्या जड झाल्या. एकदा मिटल्या, उघडल्या. पुन्हा मिटल्या. आणि मिटल्या त्या मिटल्याच.

मग झऱ्याचा आवाज बारीक झाला. पानांनी हलायचं थांबवलं. रांगेतला एक जण तावातावानं पुढं आला, तर हरबानं त्याच्यापुढं काठी आडवी धरली आणि म्हणाला, "हळू बोल. म्हातारी निजलीय." मग माणसं जिथल्या तिथं बसली. बसल्या बसल्या पेंगली.

असे तीन दिवस गेले. गिरजेची मांडी हलली नाही. हरबा द्रोणातून पाणी आणून तिला पाजायचा, रानकेळी सोलून घास भरवायचा, म्हातारीच्या तोंडावरच्या माश्या वारायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाच्या वतीनंही नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी म्हातारीला जाग आली. तिनं एवढी मोठी जांभई दिली, की डोंगरावरचं धुकं दोन बाजूंना पांगलं. डोळे कसे स्वच्छ झाले होते, पावसाळ्यानंतरच्या विहिरीसारखे.

"मांडी अवघडली असेल तुझी," ती म्हणाली. "बोल, काय हवं?"

सगळ्यांनी गिरजेकडे पाहिलं. हरबानं तिला काठीनं डिवचलं. वेणूचं नाव तिच्या अगदी ओठांपर्यंत आलं. एवढंच म्हणायचं होतं. पण नवस म्हणजे नवस. तो बोलताना ती याच पाण्यात उभी होती.

"काही नको, माय," गिरजा म्हणाली. "झोप झाली ना नीट?"

म्हातारीनं तिच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं.

"झाली," म्हणाली.

बस, एवढंच. ओंजळीत पाणी नाही, प्रसाद नाही. म्हातारी रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळली.

गिरजा झऱ्याला वळसा घालून पलीकडच्या काठानं उतरू लागली. हरबा पहिल्या वळणापर्यंत तिच्यावर रागावत राहिला. दुसऱ्या वळणाला गप्प झाला. तिसऱ्या वळणाला म्हणाला, आता ही फेरी झाली की एक माझी स्वतःची घालीन. कशासाठी ते चालताना बघू. मग तो लांब ढांगा टाकत पुढं निघून गेला.

परतीची वाट उताराची, पण गिरजेला तीच जड गेली. गावागावांत पाळणे दिसायचे. पाळण्यात पोरं निजलेली असायची. ती क्षणभर थांबायची आणि पुढं जायची. एक दिवस तिच्याच गावचा कासार समोरून आला, बांगड्यांचं ओझं घेऊन. तो पाच दिवसांपूर्वी गावातून निघाला होता. गिरजेचा जीव गोळा झाला. पण खबर मागणं हेही मागणंच ना? ती हात जोडून उभी राहिली. कासार बोलघेवडा. त्यानं देवळाच्या नव्या कळसाचं सांगितलं, कुणाची म्हैस व्याली ते सांगितलं, यंदा भोपळे किती झाले ते सांगितलं. वेणूचं काही सांगितलं नाही. मग ओझं उचलून गेला. गिरजा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. तो दिवस तिला सगळ्या वाटेत सर्वांत लांब गेला.

आणि मग पाणी खारट लागलं. मुख आलं. होडीनं ती आपल्या काठाला उतरली तेव्हा गावात शिमग्याचे ढोल वाजत होते. वैद्यांनी शिमगाच सांगितला होता. गिरजा गल्लीतून चालत गेली. पाय भरभर निघत होते आणि मधेच मागं राहत होते.

घराच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या, हातात काठी घेऊन. ढोलवाल्या पोरांना हाकलत होत्या, कोंबड्यांना हाकलत होत्या. गिरजेला पाहिलं तर उठल्या नाहीत, हाक मारली नाही. ओठांवर बोट ठेवलं.

गिरजा पायरीखालीच थांबली.

"पाय हळू टाक," सासूबाई कुजबुजल्या. "पोर निजलीय."

मग त्यांनी तिथंच पायरीवर, तितक्याच हळू आवाजात सांगितलं. पौषातली गोष्ट. सकाळची वेळ. वेणू वासे मोजत होती. अकरापर्यंत आली आणि गप्प झाली. सासूबाईंना वाटलं, गेलीच. धावत जाऊन छातीला कान लावला, तर ही घोरत होती. तीन दिवस निजली. चौथ्या दिवशी उठली आणि भात मागितला. दोन वेळा मागितला. तेव्हापासून रोज निजते, दुपारची सुद्धा.

गिरजेनं आत जाऊन पाहिलं. वेणू कुशीवर वळली होती, तोंड थोडं उघडं, हातपाय कसे भरले होते. गिरजा अंगावरच्या धुळीसकट तिच्याशेजारी आडवी झाली आणि पाठ टेकताच निजली. सासूबाईंनी दोघींवर एक पांघरूण घातलं आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसल्या.

पुढं सगळं बरं झालं. वेणू मोठी झाली, तिच्या लेकरांनाही चांगली झोप लागे. ते सगळे सुखात राहिले, आपणही राहू.

आता माझं एवढं ऐका. उद्या सकाळी उठलात, की कुणीतरी तुमच्यासमोर येईलच. त्याच्या तोंडाकडे नीट बघा. त्यानं मागायच्या आधी त्याला काय लागतंय ते देऊन टाका, आणि मग तिथं घुटमळू नका. कराल ना? उद्या करा. आज नुसते डोळे मिटा. मी थोपटते.